एकपेशीय जीवांतील आनुवंशिकता आणि आर.एन.ए. : एका प्रश्नाचा इतिहास (१९३७ ते २०१४)

१

आनुवंशिकताशास्त्राचा जो इतिहास पाठ्यपुस्तकांतून सांगितला जातो, तो मुख्यतः वाटाणा, फळमाशी, मका आणि जिवाणू ह्यांच्या आधारे रचलेला आहे. वाटाण्यावरील प्रयोगांतून मेंडेल ह्यांनी १८६६ मध्ये आपले नियम मांडले. फळमाशीच्या साहाय्याने मॉर्गन व त्यांच्या शिष्यांनी जनुकांची जागा गुणसूत्रांवर निश्चित केली. आणि जनुकाचे द्रव्य डी.एन.ए. हेच होय, ही गोष्ट १९४४ ते १९५२ ह्या काळात जिवाणू व विषाणू ह्यांवरील प्रयोगांनी प्रस्थापित झाली. ह्या राजमार्गाच्या कडेने दुसरी एक पायवाट चालत आली होती. साचलेल्या पाण्यात आढळणाऱ्या पॅरामेशियम, टेट्राहायमिना व ऑक्सिट्रिका ह्या रोमकधारी एकपेशीय जीवांचा अभ्यास करणाऱ्या थोड्या संशोधकांची ती वाट होय. मेंडेलच्या नियमांत न बसणारी उदाहरणे ह्या जीवांत वारंवार सापडत. अशा उदाहरणांना अपवाद म्हणून बाजूस सारावे की त्यांच्यावरून आनुवंशिकतेची व्याख्याच पुन्हा तपासावी, हा वाद विसाव्या शतकाच्या मध्यास बराच तीव्र झाला होता.

ह्या वादातील एक प्रश्न १९३७ मध्ये उपस्थित झाला आणि त्याचे समाधानकारक उत्तर २०१४ मध्ये मिळाले. ते उत्तर असे, की ह्या जीवांत नव्या पिढीचा कार्यकारी जनुकसंच कापून-जोडून तयार होत असता, मागील पिढीच्या जनुकसंचाशी त्याची तुलना केली जाते आणि ही तुलना आर.एन.ए.च्या लहान रेणूंकरवी होते. ह्या सत्त्याहत्तर वर्षांच्या वाटचालीचा आढावा घेणे आणि उत्तर मिळण्यास एवढा विलंब का लागला ह्याचा विचार करणे, हा प्रस्तुत निबंधाचा हेतू आहे. विलंबाचे एक कारण साधनांचा अभाव हे उघडच आहे. परंतु दुसरे कारण भाषेशी निगडित आहे : भिन्न स्वरूपाच्या अनेक घटनांना एकच नाव मिळाले होते आणि त्या नावाने त्यांचे भेद दीर्घकाळ झाकून ठेवले होते.

२

प्रश्नाचे स्वरूप समजण्यासाठी ह्या जीवांची एक असाधारण व्यवस्था प्रथम ध्यानात घ्यावयास हवी. बहुपेशीय प्राण्यांत पुढील पिढीला जन्म देणाऱ्या जननपेशी आणि शरीराचे दैनंदिन काम करणाऱ्या कायिक पेशी वेगवेगळ्या असतात. रोमकधारी जीवांत हीच विभागणी एका पेशीच्या आत, दोन प्रकारच्या केंद्रकांत झालेली असते. लघुकेंद्रक हे जननद्रव्याचे भांडार होय. त्यातील जनुके पेशीच्या नित्य व्यवहारात जवळजवळ मूक असतात. बृहत्केंद्रक हे व्यवहाराचे केंद्र होय. पेशीला लागणारी प्रथिने त्यातील जनुकांच्या आज्ञेनुसार घडतात. पॅरामेशियमच्या बृहत्केंद्रकात प्रत्येक जनुकाच्या सुमारे ८०० प्रती असतात.

दोन पॅरामेशियम संयुग्मनासाठी एकत्र आले म्हणजे काय घडते, ह्याचे मूलभूत वर्णन फ्रेंच संशोधक एमिल मोपा ह्यांनी १८८९ मध्ये केले. प्रत्येक जोडीदाराच्या लघुकेंद्रकांचे अर्धसूत्री विभाजन होते. त्यातून उरलेल्या एका केंद्रकाच्या दोन एकसारख्या प्रती होतात. त्यांपैकी एक प्रत स्वतःजवळ राहते व दुसरी जोडीदाराकडे जाते. आलेले आणि राहिलेले केंद्रक एकरूप होऊन नवे केंद्रक बनते व त्याच्या विभाजनातून नवी लघुकेंद्रके आणि नवी बृहत्केंद्रके निर्माण होतात. जुन्या बृहत्केंद्रकाचे तुकडे होऊन ते कालांतराने नाहीसे होते. मात्र नवे बृहत्केंद्रक घडत असताना जुन्याचे तुकडे पेशीत काही काळ टिकून असतात व त्यांचे आर.एन.ए.-निर्मितीचे कामही चालू असते. जुन्या व नव्याचे हे अल्पकालीन सहवास्तव्य पुढील सर्व इतिहासाच्या मुळाशी आहे.

ह्या देवाणघेवाणीचा एक परिणाम प्रयोगकर्त्याच्या फार उपयोगाचा ठरतो. संयुग्मनानंतर दोन्ही जोडीदारांचे केंद्रकीय जनुक अगदी सारखे होतात. पेशीद्रव्य मात्र सामान्यतः ज्याचे त्याच्याजवळ राहते. म्हणून संयुग्मनानंतरही दोघांच्या वंशजांत काही फरक कायम राहिला, तर त्याचे कारण जनुकांत नसून पेशीद्रव्यात शोधावे लागते.

३

अमेरिकन संशोधक ट्रेसी सोनबॉर्न (१९०५-१९८१) ह्यांनी जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात एच. एस. जेनिंग्ज ह्यांच्या मार्गदर्शनाखाली ह्या विषयात प्रवेश केला. १९३७ मध्ये त्यांनी पॅरामेशियम ऑरेलिया ह्या जातीत संयुग्मन-प्रकार असतात हे दाखविले. एकाच प्रकारच्या पेशी परस्परांशी संयुग्मन करीत नाहीत. भिन्न प्रकारच्या पेशी एकत्र आल्या की त्या तत्काळ एकमेकींस चिकटतात. ह्या शोधामुळे पॅरामेशियममध्ये इच्छेनुसार संकर घडवून आणणे शक्य झाले आणि एकपेशीय प्राण्यांचे आनुवंशिकताशास्त्र खऱ्या अर्थाने सुरू झाले. १९३९ मध्ये सोनबॉर्न इंडियाना विद्यापीठात गेले व अखेरपर्यंत तेथेच राहिले.

परंतु ज्या गुणामुळे संकर शक्य झाला, तो गुणच नियमांस जुमानीना. पॅरामेशियम ऑरेलियाच्या काही गटांत संतती बहुधा आपल्या पेशीद्रव्याच्या मातेचाच प्रकार धारण करते असे आढळून आले. ह्या गटांपैकी एकास पुढे, १९७५ मध्ये, पॅरामेशियम टेट्राऑरेलिया असे स्वतंत्र जातिनाम मिळाले. त्यातील दोन प्रकारांना ‘ओ’ आणि ‘ई’ अशी अक्षरे दिलेली आहेत. ‘ओ’ व ‘ई’ ह्यांच्या संयुग्मनानंतर दोघांचे जनुक समान झाले, तरी ‘ओ’चे वंशज प्रायः ‘ओ’च राहतात आणि ‘ई’चे ‘ई’च. संयुग्मनाच्या वेळी दोघांमधील सेतू रुंद होऊन पेशीद्रव्याचीही देवघेव झाली, तर मात्र हा परिणाम बदलतो. अधिक बारकाईने पाहता सोनबॉर्न ह्यांना असे दिसून आले, की पेशीद्रव्याला हा गुण जुन्या बृहत्केंद्रकापासून मिळतो आणि ते तो नव्या बृहत्केंद्रकाच्या घडणीच्या वेळी त्याच्यावर ठसविते. म्हणजे नष्ट होणारे केंद्रक उदयास येणाऱ्या केंद्रकाला काहीतरी सांगून जाते. तो निरोप कोणत्या द्रव्याचा बनलेला आहे, हे सांगण्याचे साधन त्या काळी कोणाजवळही नव्हते.

४

सोनबॉर्न ह्यांच्या प्रयोगशाळेत ह्याच सुमारास आणखी काही विलक्षण गुण अभ्यासले जात होते. पॅरामेशियमचे काही वंश पाण्यात असे द्रव्य सोडतात, की त्यामुळे इतर वंशांच्या पेशी मरतात. हा घातक गुण पेशीद्रव्याद्वारे वारशाने येतो, हे सोनबॉर्न ह्यांनी १९४३ मध्ये प्रसिद्ध केले आणि त्याच्या वाहकाला ‘कप्पा’ हे नाव दिले. दुसरा गुण पृष्ठभागावरील प्रतिजनांचा : एकाच जनुकसंचाच्या पेशी वेगवेगळे प्रतिजन धारण करतात व तो फरक अनेक पिढ्या टिकतो. तिसरा गुण पेशीच्या पृष्ठरचनेचा : १९६५ मध्ये जानीन बेसों व सोनबॉर्न ह्यांनी असे दाखविले, की रोमकांच्या काही रांगा उलट्या दिशेने बसविल्या गेल्या तर त्यांचे उलटेपण जनुकांत कोणताही बदल न होता शेकडो पिढ्या चालू राहते. चौथा अर्थातच संयुग्मन-प्रकार.

ह्या सर्वांना ‘पेशीद्रव्यी आनुवंशिकता’ हे एकच नाव होते. त्यांच्या वाहकांस डार्लिंग्टन ह्या इंग्रज शास्त्रज्ञाच्या लेखनातून प्रचलित झालेली ‘प्लाझ्माजीन’, म्हणजे पेशीद्रव्यातील जनुक, ही संज्ञा काही काळ लावली गेली आणि सोनबॉर्न ह्यांनीही ती वापरली. येथे एक भाषिक सूक्ष्मता लक्षात घेण्याजोगी आहे. ‘पेशीद्रव्यी’ हे विशेषण वस्तूचे स्थान सांगते, तिचे स्वरूप सांगत नाही. किंबहुना ते एवढेच सांगते, की ती वस्तू केंद्रकात नाही. अशा नकारात्मक नावाखाली कितीही भिन्न वस्तू सुखाने नांदू शकतात. पण नाव एक असले की वस्तूही एक असावी, असे मन धरून चालते. ‘प्लाझ्माजीन’ ह्या नामाने तर त्या गृहीतकाला शरीरच दिले.

पुढील घडामोडींनी ही एकी मोडून काढली. कप्पा हे कण सूक्ष्मदर्शकाखाली दिसू लागले. जॉन प्रीअर ह्यांच्या दीर्घ अभ्यासाने ते पेशीत वस्ती करणारे जिवाणू असल्याचे निश्चित झाले व १९७४ मध्ये त्यांना जिवाणूंच्या नामपद्धतीप्रमाणे नावही मिळाले. प्रतिजनांच्या बाबतीत माक्स डेलब्रुक ह्यांनी १९४८ च्या पॅरिस येथील परिषदेत असे सुचविले, की परस्परांस अडविणाऱ्या दोन रासायनिक प्रक्रियांपैकी जी आधी वरचढ होईल तीच टिकून राहते; तेव्हा स्थिरतेच्या स्पष्टीकरणासाठी नव्या प्रकारच्या जनुकाची गरज नाही. रोमकांच्या रांगांत जुनी रचनाच नव्या रचनेला साचा पुरविते. ह्याप्रमाणे पहिले उदाहरण संसर्गाचे, दुसरे प्रक्रियांच्या समतोलाचे व तिसरे रचनेच्या अनुकरणाचे ठरले. चौथे उरले, आणि पहिल्या उदाहरणाची झालेली गत पाहून ह्या चौथ्याकडेही संशयाने किंवा उपेक्षेने पाहण्याची प्रवृत्ती वाढली.

ह्या उपेक्षेला राजकारणाचीही पार्श्वभूमी होती. ऑगस्ट १९४८ मध्ये मॉस्को येथे लेनिन कृषिविज्ञान अकादमीच्या अधिवेशनात लायसेन्को ह्यांच्या मतांना शासनाची अधिकृत मान्यता मिळाली व सोव्हिएट संघातील अनेक आनुवंशिकताशास्त्रज्ञांना आपली पदे गमवावी लागली. जनुक हे मिथ्या असून परिस्थितीने घडविलेले गुण वारशाने उतरतात, असे प्रतिपादणाऱ्या ह्या पक्षाला पेशीद्रव्यी आनुवंशिकतेचे प्रयोग सोयीचे वाटले. आपल्या निष्कर्षांतून लायसेन्को ह्यांच्या मताला आधार मिळत नाही, हे सोनबॉर्न ह्यांना जाहीरपणे सांगावे लागले. इंडियाना विद्यापीठातीलच त्यांचे सहकारी एच. जे. म्युलर हे लायसेन्कोपंथाचे कडवे टीकाकार होते. एका बाजूला शास्त्राचा गळा दाबणारी सत्ता आणि दुसऱ्या बाजूला तिच्याविरुद्ध एकवटलेले शास्त्रज्ञ, अशा परिस्थितीत मेंडेलच्या नियमांस अपवाद आहेत असे म्हणणाऱ्याची स्थिती नाजूक होते. अपवाद खरा असला तरी तो कोणाच्या हाती पडेल, ही धास्ती विचाराला मोकळेपणाने पुढे जाऊ देत नाही. सोनबॉर्न ह्यांनी प्रयोग सोडले नाहीत, ही गोष्ट ह्या संदर्भात मोठी मानली पाहिजे.

५

निरोपाचे द्रव्य शोधण्याच्या दिशेने पहिले निश्चित पाऊल संयुग्मन-प्रकाराच्या नव्हे, तर एका प्रतिजनाच्या अभ्यासातून पडले. १९८४ मध्ये एपस्टाइन व फॉर्नी ह्यांनी, सोनबॉर्न ह्यांच्या प्रयोगशाळेत दीर्घकाळ जतन केलेल्या ५१ क्रमांकाच्या वंशापासून मिळालेल्या ‘डी-४८’ ह्या वंशाचे वर्णन केले. ह्या वंशाला ‘ए’ नावाचा प्रतिजन बनविता येत नव्हता, कारण त्याच्या बृहत्केंद्रकात त्या प्रतिजनाचे जनुकच नव्हते. परंतु लघुकेंद्रकात ते जनुक अखंड होते. म्हणजे भांडारात वस्तू शाबूत असूनही दर पिढीला नवे बृहत्केंद्रक घडताना ती टाकून दिली जात होती आणि हे टाकून देणे पेशीद्रव्याद्वारे वारशाने चालत होते. मूळ वंशाचे पेशीद्रव्य योग्य वेळी मिळाल्यास दोष नाहीसा होई. १९८९ मध्ये जपानी संशोधक कोइझुमी व कोबायाशी ह्यांनी असे दाखविले, की ‘ए’ जनुक असलेले डी.एन.ए. डी-४८ पेशीत टोचले असता पुढील पिढीचे बृहत्केंद्रक निर्दोष घडते. टोचलेले डी.एन.ए. नव्या केंद्रकात जाऊन बसत नाही. ते केवळ ‘हे जनुक ठेवावयाचे आहे’ अशी साक्ष देते.

ह्या साक्षीचा व्यापक अर्थ पॅरिसच्या एकोल नॉर्माल स्युपेरिअर ह्या संस्थेतील एरिक मेयर ह्यांच्या गटाने उलगडला. पॅरामेशियमच्या लघुकेंद्रकातील जनुकांच्या मधोमध अनेक लहान खंड घुसलेले असतात. नवे बृहत्केंद्रक घडताना ते अचूकपणे कापून काढले जातात. एका अक्षराचीही चूक झाली तरी जनुक निकामी व्हावयाचे. २०१२ मध्ये केलेल्या गणनेप्रमाणे अशा खंडांची संख्या सुमारे ४५,००० आहे. १९९५ मध्ये सांद्रा द्यूआरकूर, मेयर व त्यांच्या सहकाऱ्यांनी असा एक खंड जुन्या बृहत्केंद्रकात मुद्दाम टोचला. परिणाम अनपेक्षित होता : पुढील पिढीच्या बृहत्केंद्रकातून तोच खंड, आणि केवळ तोच, कापला गेला नाही. सर्वच खंडांना हा नियम लागू नव्हता. पण ज्यांना लागू होता त्यांच्या बाबतीत निष्कर्ष स्पष्ट होता. जुन्या केंद्रकात जे आहे ते नव्यात राहते. जुन्यात जे नाही ते नव्यातून काढले जाते. दुसऱ्या वर्षी, १९९६ मध्ये, चॉकर व मेंग-चाओ याओ ह्यांनी टेट्राहायमिनातही अशीच घटना नोंदविली. पॅरामेशियम व टेट्राहायमिना हे परस्परांपासून फार प्राचीन काळी विभक्त झालेले जीव आहेत. तेव्हा एखाद्या वंशाचा लहरीपणा म्हणून ह्या घटनेची वासलात लावणे आता शक्य नव्हते.

तुलना होते हे सिद्ध झाले. पण दोन वेगवेगळ्या केंद्रकांतील डी.एन.ए. परस्परांशी भिडत नसताना ती तुलना कोण करतो?

६

ह्या प्रश्नाचे उत्तर सुचण्यास अन्य क्षेत्रातील एक शोध कारण झाला. दुपदरी आर.एन.ए. पेशीत घातल्यास त्याच्याशी जुळणारे जनुक मूक होते, हे अँड्रयू फायर, क्रेग मेलो व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये एका सूत्रकृमीत दाखविले व त्यासाठी फायर आणि मेलो ह्यांना २००६ चे नोबेल पारितोषिक मिळाले. आर.एन.ए.चे छोटे तुकडे जुळणारा क्रम हुडकून काढतात, ही कल्पना ह्यामुळे सर्वत्र पोहोचली.

२००२ मध्ये रॉचेस्टर विद्यापीठातील काझुफुमी मोचिझुकी, मार्टिन गोरोव्हस्की व सहकाऱ्यांनी टेट्राहायमिनात सुमारे २८ अक्षरे लांबीचे आर.एन.ए.-रेणू शोधले. ते केवळ संयुग्मनाच्या काळात दिसतात आणि ‘टीडब्ल्यूआय-१’ ह्या प्रथिनाशी निगडित असतात. ते प्रथिन नसेल तर खंड कापले जात नाहीत. ह्या आधारे त्यांनी पुढील प्रतिमान मांडले. संयुग्मनाच्या आरंभी, एरवी मूक असणाऱ्या लघुकेंद्रकाचे दोन्ही दिशांनी प्रतिलेखन होऊन दुपदरी आर.एन.ए. तयार होते. त्याचे तुकडे होऊन लहान रेणू बनतात. हे रेणू जुन्या बृहत्केंद्रकात जातात. तेथील क्रमाशी ज्यांचा मेळ बसतो ते गळून पडतात. मेळ न बसलेले रेणू, म्हणजे जे क्रम लघुकेंद्रकात आहेत पण जुन्या बृहत्केंद्रकात नाहीत त्यांचे प्रतिनिधी, तेवढे शिल्लक राहतात. ते नव्या बृहत्केंद्रकात जाऊन आपल्याशी जुळणारा भाग हेरतात आणि तो भाग कापण्यायोग्य म्हणून चिन्हांकित होतो. त्याच वर्षी डेव्हिड ॲलिस ह्यांच्या गटाने हे चिन्ह डी.एन.ए.भोवतीच्या हिस्टोन प्रथिनांवरील मिथिल-गटाच्या रूपाने असते हे दाखविले.

२००३ मध्ये याओ व सहकाऱ्यांनी निर्णायक प्रयोग केला. टेट्राहायमिनात योग्य वेळी दुपदरी आर.एन.ए. टोचल्यास त्याच्याशी जुळणारा, एरवी सुरक्षित राहणारा भागही नव्या केंद्रकातून कापला जातो. तसेच जिवाणूपासून घेतलेले एक परके जनुक लघुकेंद्रकात घातल्यास पेशी त्याला नव्या बृहत्केंद्रकातून काढून टाकते. म्हणजे ही व्यवस्था आक्रमकांविरुद्धचे संरक्षण होय. जनुकसंचात घुसून आपल्या प्रती वाढविणारे ट्रान्सपोझॉन नावाचे स्थानांतरी घटक ह्या जीवांच्या लघुकेंद्रकात साठत जातात. व्यवहाराच्या केंद्रकात मात्र त्यांना प्रवेश मिळत नाही. ह्यातील उपरोध असा, की कापणी करणारे विकर हेच मुळात एका ट्रान्सपोझॉनचे वंशज आहे. हे पॅरामेशियमच्या बाबतीत २००९ मध्ये आणि टेट्राहायमिनाच्या बाबतीत २०१० मध्ये दाखविले गेले. घुसखोराचेच हत्यार घरधन्याने कामास लावले, असा ह्याचा अर्थ होतो.

७

ऑक्सिट्रिकाने ह्या चित्रात एक महत्त्वाचा भेद दाखविला. ह्या जीवात केवळ कापणी होत नाही, तर विस्कळित तुकड्यांची नव्याने जुळणीही होते. कोलोरॅडो विद्यापीठातील डेव्हिड प्रेस्कॉट ह्यांच्या गटाने १९८९ मध्ये दाखविले, की ॲक्टिन ह्या प्रथिनाचे जनुक लघुकेंद्रकात नऊ तुकड्यांत विखुरलेले असून त्यांचा क्रम ३, ४, ६, ५, ७, ९, २, १, ८ असा आहे आणि त्यांपैकी दुसरा तुकडा उलटा आहे. बृहत्केंद्रकात हेच तुकडे योग्य क्रमाने व योग्य दिशेने सांधलेले आढळतात. २०१४ मध्ये लघुकेंद्रकाचा जनुकसंच वाचला गेला तेव्हा अशा तुकड्यांची एकूण संख्या सव्वादोन लाखांहून अधिक भरली. त्यांतून सुमारे १६,००० अतिलघू गुणसूत्रे बनतात व नव्वद टक्क्यांहून अधिक डी.एन.ए. टाकून दिले जाते.

ही जुळणी कशाच्या आधारे होते? २००८ मध्ये मारिउश नोव्हात्स्की, लॉरा लँडवेबर व सहकाऱ्यांनी असे दाखविले, की जुन्या बृहत्केंद्रकातील गुणसूत्रांच्या आर.एन.ए.-प्रती नव्या जुळणीला नमुना पुरवितात. हा नमुना नष्ट केल्यास जुळणी बिघडते आणि वेगळ्या क्रमाचा कृत्रिम नमुना टोचल्यास जुळणीही त्याप्रमाणे होते. २०१२ मध्ये आणखी एक गोष्ट पुढे आली. ऑक्सिट्रिकातील लहान आर.एन.ए.-रेणू जुन्या बृहत्केंद्रकातून येतात व काय राखावयाचे ते सांगतात; टेट्राहायमिनात ते लघुकेंद्रकातून येतात व काय टाकावयाचे ते सांगतात. तुलना तीच, पण खूण नेमकी उलट. एका जीवातील यंत्रणेवरून दुसऱ्याची यंत्रणा गृहीत धरू नये, हा सोनबॉर्न ह्यांच्या काळातील धडा येथे पुन्हा एकदा मिळाला.

८

आता मूळ प्रश्नाकडे वळावयाचे. २०१४ मध्ये मेयर ह्यांच्या गटातील सिंह व सहकाऱ्यांनी संयुग्मन-प्रकाराचे कोडे सोडविले. पॅरामेशियम टेट्राऑरेलियात ‘ई’ प्रकारच्या पेशी ‘एमटी-ए’ ह्या जनुकाचे प्रथिन आपल्या पृष्ठभागी धारण करतात. ‘ओ’ प्रकारच्या पेशी ते बनवीत नाहीत. हे जनुक लघुकेंद्रकात दोन्ही प्रकारांत सारखेच आहे. फरक असा, की ‘ओ’ पेशीत नवे बृहत्केंद्रक घडताना ह्या जनुकाचा प्रारंभक, म्हणजे जेथून प्रतिलेखनास सुरुवात होते तो भाग, घुसखोर खंडाप्रमाणे कापून काढला जातो. ‘ई’ पेशीच्या जुन्या बृहत्केंद्रकात तो भाग शिल्लक असल्यामुळे त्याच्याशी जुळणारे लहान आर.एन.ए.-रेणू तेथे अडून राहतात व नव्या केंद्रकातही तो भाग वाचतो. ‘ओ’ पेशीत त्यांना अडविणारे काही नसते, म्हणून तो पुन्हा कापला जातो. ह्याप्रमाणे ‘ई’ची संतती ‘ई’ आणि ‘ओ’ची संतती ‘ओ’ होत राहते. पॅरामेशियम सेप्टाऑरेलिया ह्या निकटच्या जातीत कापला जाणारा भाग ‘एमटी-ए’चा नसून, त्याला चालना देणाऱ्या ‘एमटी-बी’ ह्या दुसऱ्या जनुकाचा असतो. पण फळ तेच. ह्या जनुकांची नावे ज्या उत्परिवर्तित वंशांवरून पडली, त्यांचे वर्णन बर्न ह्यांनी १९७३ मध्येच केले होते.

नष्ट होणारे केंद्रक उदयास येणाऱ्या केंद्रकाला काहीतरी सांगून जाते, हा सोनबॉर्न ह्यांचा निष्कर्ष अक्षरशः खरा ठरला. परंतु त्याचा वाहक पेशीद्रव्यात स्वतंत्रपणे वाढणारे जनुक नव्हते. पेशीद्रव्य हा केवळ निरोप जाण्याचा मार्ग होता. ह्यावरून दिसून येते, की प्रयोग बरोबर होता, प्रश्नही बरोबर होता. नाव तेवढे चुकले होते.

९

ह्या व्यवस्थेचे वर्णन करताना संशोधकांनी वाचन, तपासणी, संपादन असे शब्द सहजपणे वापरलेले आहेत. पेशी काही वाचीत नाही. रेणूंचे जुळणे किंवा न जुळणे एवढेच तेथे घडते. तरीही रूपक निवडावयाचेच झाले तर ते तपासून घेणे बरे. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९१९ मध्ये हाती घेऊन १९६६ मध्ये पूर्ण केलेल्या महाभारताच्या चिकित्सित आवृत्तीमुळे पाठतुलना व प्रक्षेप ह्या संज्ञा मराठी अभ्यासकांच्या परिचयाच्या आहेत. लघुकेंद्रकात शिरलेले ट्रान्सपोझॉन हे एका अर्थी प्रक्षेपच होत आणि दोन प्रतींची तुलना करून ते वगळले जातात. पण साम्य येथेच संपते. पाठचिकित्सक उपलब्ध पोथ्यांवरून प्राचीनतम पाठाकडे जाऊ पाहतो. पेशीला प्राचीनतेशी कर्तव्य नाही. मागील पिढीत जे प्रत्यक्ष वापरात होते तेवढेच ती प्रमाण मानते. म्हणून येथे ग्रंथसंपादनापेक्षा जमिनीच्या व्यवहारातील ‘वहिवाट’ हा शब्द अधिक समर्पक वाटतो. मालकीहक्काचा दस्तऐवज लघुकेंद्रकात जपलेला असतो. नव्या पिढीत अंमल मात्र वहिवाटीचा चालतो. डी-४८ वंशात दस्तऐवज शाबूत होता, वहिवाट तुटली होती. ती पुन्हा सुरू करताच हक्कही पूर्ववत झाला.

हा भेद केवळ शब्दांचा नाही. परिस्थितीने शिकविलेले इष्ट गुण संततीत उतरतात, असे मत मांडण्यासाठी ह्या शोधांचा आधार घेतला जाण्याचा संभव आजही आहे. १९४८ साली तसे घडलेच होते. म्हणून ह्या इतिहासावरून काय सिद्ध होते व काय होत नाही, हे वेगळे करावयास हवे. डी.एन.ए.च्या क्रमात बदल न होताही, आपल्या भांडारातील काय राखावे व काय वगळावे ह्याचा निर्णय पिढ्यान्‌पिढ्या वारशाने चालू शकतो, हे सिद्ध होते. जुन्या केंद्रकात अपघाताने पडलेली उणीव हितकर आहे की अपायकारक हे पेशी जाणते, असे मात्र सिद्ध होत नाही; ती दोन्हींचे सारख्याच निष्ठेने अनुकरण करते. लघुकेंद्रकात मुळीच नसलेले जनुक वहिवाटीने निर्माण होत नाही. आणि ज्या प्राण्यांत दोन केंद्रकांची ही रचनाच नाही, त्यांच्याविषयीचे अनुमान त्यांच्यावरील स्वतंत्र प्रयोगांनीच करावे लागेल.

पेशीद्रव्यी आनुवंशिकतेच्या एका छत्राखाली संसर्ग, समतोल, साचा व निरोप अशा चार निराळ्या गोष्टी होत्या. पहिली जिवाणू ठरली म्हणून चौथी खोटी ठरत नव्हती आणि चौथी खरी ठरली म्हणून पहिलीचे पुनरुज्जीवन होत नाही. आज ‘एपिजेनेटिक’ ह्या संज्ञेखालीही अशाच अनेक भिन्न घटना एकत्र आलेल्या आहेत आणि मराठीत तिच्यासाठी पर्यायी शब्द घडविले जात आहेत. नवी संज्ञा घडविणाऱ्याने ती वस्तूचे स्वरूप सांगते की केवळ तिचा पत्ता देते, एवढे पाहून घेतले तरी पुढच्या अभ्यासकाची काही वर्षे वाचतील. सोनबॉर्न १९८१ मध्ये निधन पावले, तेव्हा डी-४८ चे वर्णनही प्रसिद्ध झालेले नव्हते. त्यांच्या मूळ प्रश्नाचे उत्तर मिळाले ते त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी वंश जिवंत ठेवले, निरीक्षणे जशीच्या तशी नोंदविली आणि न उलगडलेली गोष्ट न उलगडलेली म्हणूनच पुढच्या पिढीच्या स्वाधीन केली, ह्यामुळे.